एका नांगीचा खेकडा

१

साल १९६७. ईस्टरचा सोमवार. मार्तिनिकच्या दक्षिण टोकाला, आन्स-बेलफोंच्या किनाऱ्यावर समुद्रद्राक्षांच्या सावलीत आम्ही जेवायला बसलो होतो. माझ्या आईच्या खाणावळीत मधुचंद्राला उतरलेली ओदिल व्होक्लँ, लग्नाला महिनाही न झालेली पोर, हातातला खेकडा खाली टाकून दोन्ही हातांनी गळा धरून बसली.

आधी आम्हाला वाटलं, मिरची लागली. फ्रान्सहून आलेल्या पाहुण्यांना मिरची लागली की आम्हाला थोडा आनंद होतो, आणि तो कोणी फारसा लपवत नाही. पण तिचे ओठ आमच्या डोळ्यांदेखत सुजले, हनुवटीवर फोड उठले, आणि तोंडातून शब्दाऐवजी नुसती शिट्टीसारखी हवा येऊ लागली.

"खेकडा," कोणीतरी म्हणालं. कोण ते सांगता येणार नाही, कारण लगेच सगळेच तेच म्हणू लागले.

आमच्याकडे ईस्टरच्या सोमवारी मातुतू होतो: मसाल्यात शिजवलेले जमिनीवरचे खेकडे आणि भात. पण खेकडा आज धरला आणि आज शिजवला, असं कोणी करत नाही. किनाऱ्यावर मांसनिये नावाचं विषारी झाड आहे. माणसांना कळावं म्हणून त्याच्या खोडाला लाल पट्टा मारतात. खेकड्याला पट्ट्याचं काय; तो पानं, फळं सगळं खातो आणि मजेत जगतो. म्हणून ईस्टरच्या कितीतरी आधी त्याला पिंजऱ्यात कोंडायचं, आंबा, खोबरं, शिळा पाव खाऊ घालायचा, पोट साफ करून घ्यायचं आणि मगच चुलीवर चढवायचं. तेव्हा ईस्टरला कोणाला उलटी जरी झाली, तरी अख्खं गाव एकच गोष्ट विचारतं: खेकडे नीट कोंडले होते का?

सगळ्यांच्या माना आमच्या स्वयंपाकिणीकडे वळल्या. मान फेमी (आमच्या बोलीत 'मान' म्हणजे बाई) हातात डाव घेऊन उभी होती. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच त्या बाईनं मान खाली घातली.

२

ह्या जोडप्याबद्दल आधी सांगायला हवं.

नवरा, रेजिस व्होक्लँ, लियोंच्या एका वर्तमानपत्रात दर रविवारी जेवणाबद्दल लिहायचा. जेवणावर लिहिणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आमच्याकडे जेवण झालं की भांडी घासतात. ताट समोर आलं की हा आधी त्यावर नाक धरायचा, डोळे मिटायचा, आणि आम्ही सगळे काट्याचमचे हातात धरून त्याचं नाक परत येण्याची वाट बघायचो. मान फेमीच्या खाऱ्या माशाच्या भज्यांना तो 'प्रामाणिक' म्हणाला. भजी काय साक्ष द्यायला उभी होती? रताळ्याची खीर खाऊन म्हणाला, ह्यात बालपण आहे. कोणाचं, ते त्यानं सांगितलं नाही.

ओदिल मात्र खरी खाणारी. ती नाक बिक लावायची नाही, सरळ जेवायची आणि बोटं चाटायची. मान फेमी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पुरुषाला पाऊल ठेवू देत नसे, पण ओदिलला तिनं दुसऱ्याच दिवशी थाईमच्या काड्या निवडायला बसवलं. "खायला येतं ह्या पोरीला," ती आईला म्हणाली. तिच्या तोंडून ह्यापेक्षा मोठी पावती मी कधी ऐकली नाही.

दोघांचा एक खेळ होता. तो ओदिलच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचा, तिच्या तोंडात काहीतरी घालायचा आणि ती चवीवरून ओळखायची. पेरू, चिकू, जायपत्री, तिसऱ्या धारेची रम, काहीही. ती चुकत नसे. तो शेजारी बसून आपणच ओळखल्यासारखा मान डोलवायचा. आईनं एकदा विचारलं, तुमचे डोळे कधी बांधायचे? तर म्हणाला, "परीक्षक परीक्षेला बसत नसतो, मादाम."

आणखी दोन गोष्टी. ते आले त्याच संध्याकाळी आईनं त्यांना किनाऱ्यावर नेऊन लाल पट्ट्याची झाडं दाखवली. पावसात ह्यांच्याखाली उभं राहू नका, खालचं फळ उचलू नका, असं बजावलं. ते फळ दिसायला लहानशा हिरव्या सफरचंदासारखं असतं. रेजिसनं विचारलं, चवीला कसं असतं? आई हसून म्हणाली, "चाखलं असेल त्याला विचारा. पण त्याचा घसा बसलेला असेल."

दुसरी गोष्ट सोमवारच्या जेवणातली. रेजिस स्वतः खेकडा फोडत नसे. हात बरबटतात म्हणून ओदिल त्याला गर काढून देई. आणि माझा मामा आनातोल, जो जेवण फुकट असेल तर जिवंतपणी एकदाही गैरहजर राहिला नाही, तो ताट समोर येताच कुरकुरला होता की माझ्या खेकड्याची एक नांगी गायब आहे, माझ्याच वाट्याला लंगडं का. सगळे हसले होते. त्यानं तो लंगडा खेकडा मात्र कवचासकट चोखून संपवला.

हे हसू विरायच्या आतच ओदिलनं गळा धरला होता.

३

डॉक्टर बेर्निस आले. त्यांनी फोड पाहिले, घशात बॅटरी मारली आणि सांगितलं की हे मांसनियेचंच विष आहे. इथवर बरोबर होतं. पुढे म्हणाले, "म्हणजे खेकड्यातून आलं." मोठ्या शहरात शिकून आलेला माणूस, पण जेवणाच्या जागी बसवला की आमच्याच आज्यांच्या भाषेत बोलू लागला. त्यांनी गार दूध घोटघोट पाजायला सांगितलं. पोर वाचेल, पण बरेच दिवस बोलता येणार नाही, म्हणाले.

रेजिसनं डोळे पुसले आणि थेट जाँदार्मच्या चौकीवर जाऊन मान फेमीविरुद्ध तक्रार दिली. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं त्यानं फडक्यात गुंडाळली होती. गडबडीत कोणी त्याकडे लक्ष दिलं नाही.

चौकीचा प्रमुख, ब्रिगादिए मुआनार, फ्रान्सहून बदलून आलेला. इथल्या उन्हाला तो सरकारी अन्याय समजायचा. वर्तमानपत्रातल्या माणसाची बायको आजारी पडली म्हटल्यावर टोपी नीट करत धावत आला. त्यानं मान फेमीला विचारलं, खेकडे सगळे कोंडलेले होते का. मान फेमी खोटं बोलली असती तर प्रश्न मिटला असता. पण ती म्हणाली, "एक नव्हता."

रविवारी पिंजऱ्यातला एक खेकडा निसटला होता. माणशी दोन असा हिशेब धरलेला. कोणाच्या तरी ताटात एकच पडणार, आणि ईस्टरला पाहुण्याच्या ताटात एक खेकडा म्हणजे तिच्या दृष्टीनं मरणच. मिस्सा आटोपून येताना खाजणाच्या कडेला तिला एक दिसला. तो तिनं धरला आणि तसाच, न कोंडता, पातेल्यात टाकला.

"माझ्या हातानं झालं," ती म्हणाली. "पोरीनं माझ्याबरोबर थाईम निवडलं होतं. मला न्या."

ब्रिगादिएला एवढी सोपी केस बहुधा आयुष्यात मिळाली नव्हती. उद्या दुपारी तिला राजधानीत, फोर-द-फ्रान्सला पाठवतो, म्हणाला. तोवर तिनं चौकीतल्या बाकावर बसायचं. खाणावळही बंद. आईनं दार लावलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिनं खाणावळ बाबांच्या मागे एकटीनं उभी केली होती, आणि मान फेमी पहिल्या दिवसापासून तिच्यासोबत होती.

मी म्हटलं, "तांत इस्मेरीला बोलावू का?"

आईनं डोळे मिटले. तांत इस्मेरीला बोलवायचं म्हणजे परिस्थिती खरोखरच वाईट आहे, असं मान्य करायचं.

४

तांत इस्मेरी ही माझी थोरली आत्या. मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती आणि निवृत्त झाली हे तिनं गावाला कधी मान्य करू दिलं नाही. लग्न केलं नाही; विचारलं तर म्हणायची, वर्गात पुरेशी पोरं होती. वाळूवर बसून जेवणं तिला रानटीपणा वाटायचा, म्हणून ती सोमवारी आमच्यात नव्हती. मंगळवारी सकाळी काळी छत्री टेकत आली, आईच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "ईस्टरला गावाची बुद्धी खेकड्याच्या पोटात जाऊन बसते. कोणीतरी ती बाहेर काढायला हवी."

मी घडलेलं सगळं सांगितलं. तिनं मधे एकदाच थांबवलं, आणि मला चौकीवर पाठवून मान फेमीला एकच गोष्ट विचारायला लावली: तो खाजणातला खेकडा दिसायला कसा होता?

मी परत आले. "म्हणाली, मोठी नांगी एकच होती त्याला. दुसरी तुटलेली."

तांत इस्मेरीनं छत्रीचं टोक जमिनीवर आपटलं. "आनातोलला बोलाव."

आनातोलमामा तोंड पुसत आला. तिनं विचारलं की एका नांगीचा खेकडा तूच खाल्लास ना. मामाला वाटलं, त्याचे पैसे मागणार. आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, खाल्ला, पण चांगला नव्हता. आतली चरबी काळपट होती आणि कडू जहर लागत होती.

"मग टाकला का नाहीस?"

"टाकायचा?" मामानं असं विचारलं, जसं काही तिनं त्याला पोटचं पोर टाकायला सांगितलं होतं.

"पोट कसं आहे?"

"पोटाला काय झालंय? सकाळी तीन केळी खाल्ली."

ती माझ्याकडे वळली. "न कोंडलेला खेकडा एकच होता. तो ह्या खादाडानं खाल्ला. तो ठणठणीत आहे, कारण त्याला विषही फुकटचं असलं तर बाधत नाही, किंवा त्या खेकड्यात विषच नव्हतं. त्या पोरीच्या ताटात कोंडलेलेच खेकडे होते. तरी विष मांसनियेचं, असं डॉक्टर म्हणतो. मग ते आलं कुठून?"

डॉक्टर बेर्निस तिचा भाचा लागायचा, आणि लहानपणी पाढे तिच्याकडेच शिकलेला. ओदिलला बघायला आला तेव्हा तिच्यासमोर अजूनही हात मागे बांधून उभा राहिला. हनुवटीवर फोड का, असं तिनं विचारलं. शिजलेल्या खेकड्याच्या रसानं कातडी भाजते का? डॉक्टर हळूच म्हणाला, "नाही. त्याला ताजा चीक लागतो." विष चढायला किती वेळ लागतो, हेही तिनं विचारलं. फळाचा घास आधी बाधतच नाही, तो म्हणाला. तासाभरानं, दोन तासांनी घसा आवळतो.

"म्हणजे जेवायच्या आधी," तांत इस्मेरी म्हणाली. "आणि नवऱ्याच्या बोटांना काय झालं?"

डॉक्टर म्हणाला, पातेल्याचं गरम झाकण लागलं, असं त्यानंच सांगितलं. मी म्हटलं, मला तर म्हणाला की खेकड्याचं कवच रुतलं.

तांत इस्मेरी पहिल्यांदा हसली. तिच्या हसण्यानं शाळेतल्या पोरी रडायच्या. "जो खेकडा फोडत नाही त्याला कवच रुतलं. ज्याला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही त्याला झाकण लागलं. लिहून पोट भरणाऱ्या माणसाला एक गोष्ट धड रचता येऊ नये?"

तेव्हा मला आठवलं. आदल्या संध्याकाळी मी दूध घेऊन ओदिलच्या खोलीत गेले होते. रेजिस तिच्या उशाशी वाकून पुन्हा पुन्हा काहीतरी विचारत होता. मला वाटलं, किती प्रेम. तो विचारत होता, "गोडानंतर काय? गोड गेल्यावर काय लागलं?"

मातुतू तिखट असतो, खारट असतो. त्यात गोड काही नसतं.

५

ओदिलशी एकटीनं बोलायला हवं होतं, आणि रेजिस तिच्या खोलीतून हलत नव्हता. बायकोची सेवा करतोय असं सगळ्यांना दिसावं, म्हणून दारसुद्धा उघडं ठेवायचा.

तांत इस्मेरीनं आईला लिंबू-मिरचीच्या पाण्यातला लाल मासा करायला सांगितला. मान फेमी नसताना आई चुलीपाशी जायला तयार नव्हती, पण गेली. वास जिन्यावरून वर चढला. रेजिसनं थोडा वेळ तग धरला. मग खाली आला आणि विचारलं, "हा मासा आज सकाळचा का?" बायकोचा घसा बंद आणि ह्याचं नाक उघडं. मी त्याला जेवायला बसवलं आणि आईला खूण केली की वाढप लांबव.

आम्ही दोघी वर गेलो. ओदिल उशीला टेकून बसली होती. सुजलेल्या तोंडामुळे ती म्हातारी दिसत होती. तांत इस्मेरी तिच्याजवळ बसली आणि मुलींशी बोलायची त्या कोरड्या आवाजात म्हणाली, "बोलू नकोस. मान हलव. सोमवारी जेवायच्या आधी किनाऱ्यावर फिरायला गेला होतात?"

होय.

"तिथे तुमचा तो खेळ खेळलात? डोळे बांधून?"

ओदिलनं मान हलवली. मग ती एकदम थांबली. तिच्या डोळ्यांत काहीतरी हळूहळू जागं होताना मी पाहिलं. पाहायला नको होतं असं वाटलं.

"त्यानं जे दिलं ते गोड होतं?"

तिनं गळ्यावर हात दाबला आणि घोगऱ्या श्वासात म्हणाली, "आलुबुखार. मी म्हटलं, आलुबुखार."

"आणि तो?"

"हसला. म्हणाला, पहिल्यांदाच चुकलीस."

६

दुपार व्हायच्या आत तांत इस्मेरीनं ब्रिगादिएला खाणावळीत बोलावलं. मान फेमीलाही आणा, म्हणाली. ब्रिगादिए कोणाच्या हुकमानं येत नसे, पण मुख्याध्यापिकेचा आवाज त्याच्याही गावात असणार, मान फेमीला घेऊन आला. डॉक्टर होता, आनातोलमामा वास घेत आलाच होता. रेजिस माशाचं ताट संपवून बोटं पुसत होता, डाव्या हातानं.

तांत इस्मेरी त्याच्यासमोर बसली. आपल्याला त्यांच्या त्या खेळाचं फार कौतुक वाटतं, म्हणाली. गावात लोक म्हणतात की जीभ बायकोची आहे आणि नाव नवऱ्याचं. तिला स्वतःला तसं वाटत नाही, पण लोकांचं तोंड कोण धरणार.

रेजिस हसला. मान ताठ केली. ब्रिगादिएकडे बघितलं, कारण तिथे तोच एक त्याच्या देशाचा होता. "आणा, मादाम. काय हवं ते आणा."

तिनं ओदिलचाच रुमाल त्याच्या डोळ्यांवर बांधला. मग पिशवीतून काहीतरी काढून चाकूनं चकती कापली. खोलीत हलका गोडसर वास पसरला. तिनं चकती त्याच्या नाकाखाली धरली.

त्यानं सवयीनं वास घेतला. आणि खुर्चीत मागे सरकला.

"तोंड उघडा, मेस्ये," तांत इस्मेरी म्हणाली. "बायकोनं उघडलं होतं तसं."

चकती त्याच्या ओठाला लागली मात्र, तो ओरडला. खुर्चीसकट मागे पडला, रुमाल ओरबाडून काढला, ओठ बाहीनं घासू लागला, दूध द्या, दूध द्या म्हणाला. डॉक्टरला हाताला धरून म्हणाला, लवकर काहीतरी करा, ह्या बाईनं मला मांसनिये दिलं.

तांत इस्मेरीनं ती चकती स्वतःच्या तोंडात टाकली आणि शांतपणे चावून खाल्ली.

"सफरचंद आहे," ती म्हणाली. "परवाच्या बोटीनं तुमच्याच देशातून आलंय. वाण्याकडे हवी तेवढी आहेत. दुसऱ्यांच्या जिभेवर पोट भरणाऱ्या माणसाला घरचं फळ ओळखू येत नाही, ते सोडा. पण मांसनियेच्या फळाला सफरचंदासारखा वास येतो म्हणतात; तो तुम्ही कुठे घेतलात? आम्ही जन्मभर इथं राहतो, आमच्यातल्या कोणी ते नाकाशी धरलेलं नाही."

ब्रिगादिए त्या गुंडाळलेल्या बोटांकडे बघत होता. डॉक्टरनं न विचारता फडकं सोडलं. बोटांवर तेच फोड होते, ओदिलच्या हनुवटीवरचे.

मग रेजिस बोलला. त्याला मारायचं नव्हतं. हे खरं होतं, आणि मला आजही वाटतं की मारायचं असतं तर माणूस म्हणून तो जरा बरा ठरला असता.

"एवढासाच तुकडा दिला होता," तो म्हणाला. "मला फक्त चव कळायला हवी होती. कोणीच लिहिलेली नाही ती चव. तिची जीभ माझ्यापेक्षा चांगली आहे."

"मग स्वतः का नाही खाल्लंत?"

त्याला प्रश्न खरंच कळला नाही. "मला लिहायचं होतं," तो म्हणाला.

"आणि ह्या बाईला तुरुंगात धाडत होतात ते?"

त्यानं मान फेमीकडे पाहिलं, अशा नजरेनं की जणू ती तिथे आहे हे त्याला आत्ताच कळलं. "ती स्वतःच म्हणाली ना," तो म्हणाला.

मान फेमी जागेवरून उठली. ती त्याच्याजवळ गेली, त्याचं रिकामं ताट उचललं, आणि स्वयंपाकघरात नेऊन ते घासलं नाही, फोडलं. आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

७

ब्रिगादिए मुआनारनं कागदावर अपघात लिहिला. पुढे त्याची थंड गावात बदली झाली. सुखी झाला असणार. डॉक्टर बेर्निस त्यानंतर ईस्टरला कोणी आजारी पडलं की आधी माणूस तपासायचा, मग खेकड्याचं नाव घ्यायचा. तांत इस्मेरी आणखी पुष्कळ वर्षं जगली आणि वाळूवर एकदाही जेवली नाही. तिची छत्री माझ्याकडे आहे. पावसात कधी उघडली तर अजून तिच्या कपाटातला कापराचा वास येतो.

आनातोलमामा म्हातारा होऊन, जेवून उठल्यावर झोपेत गेला. त्याच्या प्रेताजवळ बसून मान फेमीनं डॉक्टरला हळूच विचारलं, तोच खेकडा तर नसेल ना. त्या एका खेकड्याबद्दल तिनं स्वतःला कधी माफ केलं नाही. पुढे दर वर्षी ती खेकडे इतके दिवस कोंडायची, की आई म्हणायची, आता ह्यांना कुटुंबात धरायला हवं.

ओदिल लियोंला परत गेली ती थेट वडिलांच्या घरी. तिचा आवाज कायमचा घोगरा राहिला. तिनं पुढे बंदराच्या गावात लहानसं जेवणघर काढलं, आणि चार-दोन ईस्टरना आमच्याकडे आली. मान फेमीच्या शेजारी बसून थाईम निवडायची. खेकडे तिनं दर वेळी स्वतः फोडून खाल्ले, कोणाला गर काढून दिला नाही.

एका वर्षी येताना तिनं वर्तमानपत्राचं एक पान आणलं. रेजिसचा लेख होता, वर त्याचा फोटो, डोळे मिटलेले. लिहिलं होतं की मांसनियेचं फळ चाखून जिवंत राहिलेला मी एकटाच खवय्या आहे. ते आधी गोड लागतं, पिकलेल्या आलुबुखारासारखं.

मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मान फेमीनं माझ्या हातातून पान घेतलं, फोटोची बाजू वर येईल असं नीट उलगडलं, आणि अंगणात जाऊन खेकड्यांच्या पिंजऱ्यात तळाला अंथरलं. ईस्टरला अजून तीन आठवडे होते, आणि खेकड्यांची पोटं साफ व्हायची होती.